पॅच टाकला, पण प्रोसेस जुनीच: ओपनएसएसएलच्या सीव्हीई-२०२२-०७७८ मधले माझे २८ दिवस

मंगळवारी, १५ मार्च २०२२ ला ओपनएसएसएलची (इंटरनेटवरची कनेक्शनं एन्क्रिप्ट करायला असंख्य प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी) ॲडव्हायजरी, म्हणजे त्रुटीची अधिकृत सूचना, आली तेव्हा; त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२२-०७७८. त्या वेळी मी लॅपटॉप बंद करून उठतच होते. सिव्हिरिटी हाय, बीएन_मॉड_एसक्यूआरटी नावाच्या फंक्शनमध्ये इन्फिनिट लूप (कधीच न संपणारं चक्र), एवढं वाचलं आणि परत बसले. डिसेंबरातल्या लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीच्या धावपळीतून आमची टीम अजून सावरलेली नव्हती. आम्ही चौघं, आणि सांभाळायला १४० च्या आसपास सर्व्हर. त्या आठवड्यात बगबद्दल वाचायला भरपूर मिळालं, पण एका साध्या टीमने हे सगळं पार कसं पाडायचं, कुठे किती दिवस अडकायला होतं, कोणते कागद लागतात, हे मला कुठेच सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी बग काय होता ते सांगते, कारण तो नीट कळला म्हणूनच पुढची निम्मी कामं वाचली. इलिप्टिक कर्व्हची (एन्क्रिप्शनमध्ये वापरतात तो गणिती वक्र) पब्लिक की म्हणजे कर्व्हवरचा एक बिंदू, त्याचे एक्स आणि वाय असे दोन आकडे. जागा वाचवायला वाय पूर्ण न लिहिता त्याचा फक्त एक बिट देता येतो, मग वाचणाऱ्याने वाय स्वतः काढायचा, आणि त्यासाठी मॉड्युलर वर्गमूळ (एका ठराविक संख्येने, म्हणजे मॉड्युलसने, भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबातलं वर्गमूळ) काढावं लागतं. ओपनएसएसएल ते टोनेली-शँक्स पद्धतीने काढतं आणि ही पद्धत मॉड्युलस मूळ संख्या आहे असं धरूनच चालते. एरवी त्यात काही बिघडत नाही, कारण सर्टिफिकेटमध्ये (कनेक्शनच्या एका बाजूची ओळख आणि पब्लिक की सांगणाऱ्या फायलीत) पी-२५६ सारखं कर्व्हचं नुसतं नाव असतं आणि त्याचे आकडे लायब्ररीला आधीच माहीत असतात. पण फॉरमॅटमध्ये कर्व्हचे सगळे आकडे सर्टिफिकेटमध्येच लिहून द्यायचीही सोय आहे. आरएफसी ५४८० ने वेबच्या सर्टिफिकेटांसाठी त्याला मनाई केलीय, तरी लायब्ररी ते आकडे वाचायची. म्हणजे मॉड्युलस समोरचा देणार, आणि तो मूळ संख्या नसला तर आतल्या लूपला शेवटच सापडायचा नाही. लूपमध्ये थांबायची मर्यादा होती, पण काउंटर आधी वाढवायचा आणि मग तो मर्यादेइतका झाला का बघायचं, असा क्रम होता. मर्यादा १ असली की काउंटर थेट २ वर जाणार, आणि मग तो कधीच १ होणार नाही. दुरुस्तीत त्या जागी साधा 'पेक्षा कमी' वाला लूप आला. मी तो डिफ (कोडमधला बदल) तीन वेळा वाचला, एवढीशी गोष्ट आणि केवढा पसारा.

हा बग गूगलच्या टॅव्हिस ऑरमंडी यांनी २४ फेब्रुवारीला कळवला होता. दुरुस्त आवृत्त्या १.१.१एन आणि ३.०.२. १.०.२ साठी पण १.०.२झेडडी होती, पण ती फक्त पैसे भरून प्रीमियम सपोर्ट घेतलेल्यांना, कारण १.०.२ चा सार्वजनिक सपोर्ट २०१९ च्या शेवटीच संपला होता.

मला खरी भीती वाटली ती ॲडव्हायजरीतल्या एका वाक्याची: सर्टिफिकेटची सही तपासायच्या आधीच ते पार्स होतं, म्हणजे उलगडून वाचलं जातं. म्हणजे समोरच्याच्या सर्टिफिकेटवर कोणाची विश्वासाची सही असायची गरजच नाही, स्वतः बनवलेलं, काहीही चालेल. आणि आमच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) इव्हेंट लूपवर चालतात, म्हणजे एकच वर्कर अनेक कनेक्शनं सांभाळतो, त्यामुळे एक वर्कर अडकला की त्याच्यावरची सगळी कनेक्शनं अडकणार, चार वर्करच्या मशीनला चार कनेक्शनं पुरेशी. रेट लिमिट वगैरेचा इथे काही उपयोग नाही, कारण ट्रॅफिक वाढतच नाही, फक्त सीपीयू १०० टक्क्यांवर जाऊन बसतो.

त्या रात्री मी पॅच टाकायला घेतलाच नाही. आधी यादी केली, आणि पहिली टीप हीच आहे की आधी यादी करा. प्रश्न एकच ठेवला, अनोळखी माणसाने दिलेलं सर्टिफिकेट आपल्याकडे कुठे कुठे वाचलं जातं? साधा वेब सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो, समोरच्याचं मागत नाही, त्यामुळे तो या रस्त्याने अडकत नाही. जिथे क्लायंट सर्टिफिकेट मागितलं जातं तिथे धोका, म्हणून सगळ्या कॉन्फिग फायलींमध्ये एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट शोधलं. अशी ११ मशीनं निघाली, पार्टनर कंपन्यांच्या एपीआयची. त्यातल्या तीन ठिकाणी व्हॅल्यू 'ऑप्शनल' होती आणि आमचा एक सहकारी म्हणाला की ऑप्शनल आहे म्हणजे सक्ती नाही, ती सोडून देऊ. सोडायची नाहीत. ऑप्शनल म्हणजे सर्व्हर मागतो तर खरा, नाही दिलं तरी चालवून घेतो एवढंच, आणि दिलं की पार्स होतंच.

बुधवारी १६ तारखेला सकाळी चहा घेताना माझ्या डोक्यात आलं की आपण फक्त सर्व्हर धरून बसलोय. आमच्याकडे ग्राहक स्वतःची वेबहुक यूआरएल (काही घडलं की आम्ही कळवायचा पत्ता) नोंदवतात आणि आमचा वर्कर जाऊन त्या यूआरएलला कॉल करतो, तिथे आम्ही क्लायंट. यूआरएल ग्राहकाची, सर्टिफिकेट ग्राहकाचं, आणि ग्राहक व्हायला फुकट साइन-अप पुरतं. मग एकेक आठवत गेलं. मेल सर्व्हर बाहेर मेल टाकताना समोरच्याचं सर्टिफिकेट वाचतो. ग्राहकाला स्वतःच्या डोमेनसाठी सर्टिफिकेट अपलोड करायचं एक पान आहे, ते अपलोड झाल्या झाल्या वाचलं जातं. यादी ११ वरून ३४ वर गेली. सगळ्यात उघडा दरवाजा वेबहुकचा होता आणि आदल्या रात्रीच्या माझ्या यादीत तो नव्हताच.

यादीतून काही गोष्टी बाहेरही काढता आल्या, त्याने जीव थोडा हलका झाला. गो मध्ये लिहिलेल्या सेवा स्वतःची क्रिप्टो लायब्ररी वापरतात, जावाचे ॲप्लिकेशन जावाचीच टीएलएस (सुरक्षित कनेक्शनची यंत्रणा) वापरतात, त्यांना हा बग लागू नाही. पण जावाच्या पुढे एनजिनएक्स उभा असेल तर तो लागू, हे विसरू नका.

बुधवारी दुपारी उबुंटू २०.०४ या लिनक्सची मशीनं तपासायला घेतली तर ऑटोमॅटिक सिक्युरिटी अपडेटने बहुतेक ठिकाणी पॅकेज आधीच बसलं होतं, १.१.१एफ-१उबुंटू२.१२. मला एवढं बरं वाटलं की मी चॅटवर 'निम्मं काम झालंय' असं लिहून टाकलं. दहा मिनिटांत आमच्या टीममधल्या सगळ्यात सीनियर माणसाचा फोन, "अगं, प्रोसेस कधीपासून चालू आहेत ते बघ आधी." बघितलं. एनजिनएक्सचा मास्टर (वर्कर सुरू करणारी मूळ प्रोसेस) नोव्हेंबरपासून चालू होता. डिस्कवर नवी लायब्ररी होती, मेमरीत जुनीच. चालू प्रोसेसने जी फाइल सुरुवातीला मॅप केली तीच ती धरून ठेवते, ती फाइल डिस्कवरून काढून टाकली तरी. एलएसओएफ (कोणत्या प्रोसेसने कोणत्या फायली धरल्यात ते दाखवणारी कमांड) चालवून लिबक्रिप्टो आणि लिबएसएसएल या ओपनएसएसएलच्या दोन फायलींच्या ओळींमध्ये डीईएल, म्हणजे डिलीट झालेली, असं दिसतंय का ते बघायचं, दिसलं की ती प्रोसेस जुन्यावरच आहे. नीडरीस्टार्ट नावाचं टूल हेच काम नीट यादी करून देतं. आम्ही दोन्ही वापरली आणि ३४ पैकी २९ मशीनवर जुनी लायब्ररी मेमरीत सापडली. चॅटवरचं ते वाक्य मी लगेच दुरुस्त केलं.

त्यातच अजून एक गोष्ट, यात आमचे जवळजवळ दोन तास गेले. एनजिनएक्सला रीलोड दिला तरी डीईएल जाईना. रीलोडमध्ये मास्टर तोच राहतो, तो नवे वर्कर फोर्क करतो (स्वतःची नक्कल काढून बनवतो) आणि वर्कर मास्टरच्याच मेमरीतली जुनी लायब्ररी घेऊन जन्माला येतात. पूर्ण रीस्टार्टच लागतो, नाहीतर यूएसआर२ सिग्नलने बायनरी अपग्रेड करायचं, त्यात नवा मास्टर नव्याने सुरू होतो आणि कनेक्शनं तुटत नाहीत. पोस्टग्रेस डेटाबेसचंही तसंच, मूळ प्रोसेस रीस्टार्ट केल्याशिवाय काही होत नाही.

आता रीस्टार्ट म्हटलं की चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाच्या परवानगीचा अर्ज, आली. आमच्याकडे चेंज कमिटी गुरुवारी बसते, म्हणजे १७ ला. इमर्जन्सी चेंजचा फॉर्म वेगळा, त्यात परिणाम, परत फिरायचा मार्ग, चाचणीचा पुरावा, बंद राहण्याचा अंदाज आणि बिझनेसच्या बाजूची एक सही. मी बुधवारी रात्री साडेअकरापर्यंत तो भरत होते. बैठकीत पहिला प्रश्न आला, डेटा लीक होतो का? नाही होत. मग घाई कशाला, पुढच्या महिन्याच्या नेहमीच्या विंडोत (देखभालीच्या ठरलेल्या वेळेत) करू. हा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही, २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलच्याच त्रुटीत प्रायव्हेट की बाहेर जायची भीती होती, सर्टिफिकेटं बदलावी लागली होती, इथे तसलं काहीच नाही. फॉर्मवर मी तेच स्पष्ट लिहिलं होतं, गोपनीयतेला धक्का नाही, फक्त उपलब्धतेला आहे आणि म्हणूनच सीव्हीएसएस (त्रुटीच्या गांभीर्याचा दहापैकी स्कोअर) ७.५. बैठक वळली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे चार कनेक्शनं आणि पूर्ण मशीन बंद, हे गणित. आणि दुसरी म्हणजे कार्ड पेमेंटचे पीसीआय डीएसएसचे नियम, त्यात महत्त्वाचे सिक्युरिटी पॅच एका महिन्याच्या आत टाकायचे असतात आणि बाहेरून होणाऱ्या स्कॅनमध्ये ४.० किंवा त्याहून जास्त स्कोअर दिसला की स्कॅन नापास. मी १४ एप्रिल ही तारीख फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती. विंडो मिळाली शनिवार १९ च्या रात्रीची, चार तासांची, आणि वेबहुकच्या वर्करांना त्याच दिवशी लगेच परवानगी, कारण ते बंद पडले तरी जॉब रांगेत थांबतात. तुमच्याकडे असं काही असेल तर ते वेगळं काढून आधी मागा, सगळं एकाच फॉर्ममध्ये कोंबलं की सगळंच अडतं.

चाचणीचा पुरावा कसा द्यायचा हा प्रश्न होता. तोवर बिघडवलेलं नमुना सर्टिफिकेट संशोधकांनी खुलं केलेलं होतं. नेटवर्कपासून तोडलेल्या एका व्हर्च्युअल मशीनवर जुन्या लायब्ररीने ते उघडायला लावलं, पुढे टाइमआउट पाच सेकंदांचा. पंख्याचा आवाज वाढला, एक कोअर १०० टक्क्यांवर, पाच सेकंदांनी टाइमआउटने मारलं आणि एक्झिट कोड १२४, म्हणजे वेळ संपली म्हणून थांबवलं. मग पॅच टाकून तीच कमांड, क्षणात एरर देऊन बाहेर. त्या दोन स्क्रीनशॉटांनी बैठकीत जे काम केलं ते माझ्या चार पानी फॉर्मने केलं नसतं. हे फक्त स्वतःच्या, वेगळ्या ठेवलेल्या मशीनवर करा, चालू सिस्टिमवर नाही आणि दुसऱ्याच्या तर मुळीच नाही.

गुरुवारी दुपारी वेबहुकचे वर्कर घेतले आणि तिथे नवीनच गाठ. ते पायथनचे आहेत, सिस्टिमची लायब्ररी नवी, रीस्टार्ट झाला, डीईएल नाही, सगळं हिरवं. तरी मन मानेना म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उघडून बघितलं, तर क्रिप्टोग्राफी नावाचं पॅकेज आपल्या आत स्वतःचं ओपनएसएसएल बांधून आणतं, त्याला सिस्टिमच्या लायब्ररीशी काही देणंघेणं नाही. त्यांनी १५ मार्चलाच ३६.०.२ काढलं होतं, १.१.१एन घालून, पण आमच्या रिक्वायरमेंट्स फायलीत जुनी आवृत्ती पिन (पक्की) केलेली. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचंही तेच, नोड स्वतःचं ओपनएसएसएल घेऊन येतं, त्यांच्या दुरुस्त आवृत्त्या १७ तारखेला आल्या, आम्हाला १६.१४.२ आणि १४.१९.१ लागल्या. आणि कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) तर प्रत्येक आपापली लायब्ररी घेऊन बसलेला, होस्ट कितीही पॅच करा. अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या इमेज (कंटेनरचे साचे) १.१.१एन-आर० वर नेल्या, २३ इमेज परत बिल्ड केल्या, त्यातल्या दोन बिल्डच होईनात कारण त्यांचं एक जुनं पॅकेज आता मिळतच नव्हतं. त्या दोघींनी एक अख्खा शुक्रवार खाल्ला.

शनिवारची रात्र तशी शांत गेली. आधी स्नॅपशॉट, मग लोड बॅलन्सरमधून (ट्रॅफिक मशीनांमध्ये वाटून देतो तो) एक मशीन बाहेर, रीस्टार्ट, एलएसओएफ, नमुना सर्टिफिकेटची चाचणी, परत आत, पुढचं. मशीनमागे साधारण सहा मिनिटं. डेटाबेस रेप्लिकावर (त्याच्या चालू प्रतीवर) वळवताना ४० सेकंद लिहिणं बंद राहिलं, फॉर्मवर दोन मिनिटं लिहिली होती. एका मशीनवर एनजिनएक्स उठेचना, कारण कोणीतरी जानेवारीत कॉन्फिग बदलून ठेवलं होतं आणि तेव्हा ते कधी तपासलंच नव्हतं, रीस्टार्ट आत्ता पहिल्यांदा होत होता. छातीत धस्स झालं, पण बॅलन्सरमध्ये बाकीची मशीनं होती म्हणून निभावलं. रीस्टार्टच्या आधी एनजिनएक्स मायनस टी (कॉन्फिग तपासणारी कमांड) चालवायची सवय तेव्हापासून लागली. पहाटे तीन वाजता संपलं.

मला वाटलं झालं. खरं तर इथून पुढचे तीन आठवडे जास्त थकवणारे होते, कारण इथून पुढे आपल्या हातात काहीच नसतं, नुसती वाट बघायची.

एक विकत घेतलेला लोड बॅलन्सरचा डबा होता, ज्याच्या आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही. त्याच्या कंपनीला १६ तारखेलाच तिकीट टाकलं होतं. पहिलं उत्तर दोन दिवसांनी, 'तपास चालू आहे'. मग पाच दिवस काहीच नाही. मी रोज सकाळी एक ओळ लिहायचे, शांतपणे, तिकीट नंबर आणि १४ एप्रिल ही तारीख देऊन. फर्मवेअर आलं २८ ला. मधल्या काळात त्या डब्यावरचं क्लायंट सर्टिफिकेट मागणं बंद करून ते मागच्या, पॅच झालेल्या एनजिनएक्सवर हलवलं, पार्टनरांना काही बदलावं लागलं नाही. फर्मवेअर येईपर्यंत असं काहीतरी करता येतं का ते बघा, नुसतं थांबू नका. सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट चालू आहे ना हेही आधीच बघा. आमचं संपायला जेमतेम महिना होता, ते संपलं असतं तर फर्मवेअर डाउनलोडच झालं नसतं.

रेड हॅट घराण्यातली सात नंबरची जुनी मशीनं होती सहा, त्यांच्यावर १.०.२के. ओपनएसएसएलकडून १.०.२ फुकट मिळणार नसलं तरी डिस्ट्रिब्युशनने (लिनक्स बांधून देणाऱ्यांनी) जुन्या आवृत्तीसाठी पॅच मागे आणून दिला, पण तो यायला मार्च संपत आला. या १.०.२ मध्ये पब्लिक की सुरुवातीच्या पार्सिंगमध्ये वाचली जात नाही, त्यामुळे अडकवणं थोडं अवघड, पण अशक्य नाही, की लागली की लूप आहेच. मी 'थोडं अवघड' हे शब्द रिपोर्टमध्ये मुद्दाम घातले नाहीत, नाहीतर ती मशीनं मागेच पडली असती.

मग ४ एप्रिलला बाहेरचा स्कॅन झाला आणि नापास. नऊ ठिकाणी 'ओपनएसएसएल १.१.१एन पेक्षा जुनं'. पोटात गोळा आला, परत सगळी मशीनं तपासली, सगळी बरोबर. घोळ असा की स्कॅनर सर्व्हरने सांगितलेला व्हर्जन नंबर वाचतो, आणि उबुंटूसारखी डिस्ट्रिब्युशनं नंबर न बदलता जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती घालतात. पॅच झाल्यावरही ओपनएसएसएल व्हर्जन विचारलं की उत्तर येतं १.१.१एफ, ३१ मार्च २०२०. बघणाऱ्याला वाटणार दोन वर्षं कोणी हातच लावला नाही. त्यासाठी डिस्प्यूट (निकालावर आक्षेप) टाकावा लागतो आणि प्रत्येक आयपीसाठी वेगळा पुरावा. आम्ही प्रत्येक मशीनचं पॅकेजचं पूर्ण नाव, पॅकेजच्या चेंजलॉगमधली सीव्हीईचा नंबर असलेली ओळ, प्रोसेस सुरू झाल्याची तारीख आणि एलएसओएफचं रिकामं उत्तर, अशी फाइल केली. ५ एप्रिलला पाठवली, दुसऱ्या दिवशी परत आली, कारण स्क्रीनशॉटमध्ये मशीनचं नाव आणि तारीख एकाच चौकटीत दिसत नव्हती. परत काढले सगळे. म्हणून सांगते, पॅच टाकतानाच होस्टनेम, डेट आणि बाकीच्या कमांड एकाच स्क्रिप्टमधून चालवून आउटपुट फाइलमध्ये ठेवत जा, माझे यात दीड दिवस गेले. ११ एप्रिलला डिस्प्यूट मान्य झाला, १२ ला चेंज रिक्वेस्ट बंद. एकूण हिशेब लावला तर चौघांचे मिळून साधारण १६० तास, त्यातले खऱ्या पॅचिंगचे ३० सुद्धा नसतील.

एक मशीन राहिलंच. तिच्यावरचं सॉफ्टवेअर १.१.० ला स्टॅटिकली (लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच घालून) बांधलेलं, १.१.० चा सपोर्ट २०१९ मध्येच संपलेला, आणि बनवणारी कंपनी आता नाही. तिला बाहेरचं कोणतंच सर्टिफिकेट दिसणार नाही अशी फायरवॉलमागे ठेवली, एक्सेप्शनचा फॉर्म भरला, त्यावर ३० जून ही बंद करायची तारीख आणि माझी सही. त्या सहीने मला आठवडाभर टोचलं, खरंच.

३ मे ला १.१.१ओ आली. यावेळी सी_रीहॅश या स्क्रिप्टमधला कमांड इंजेक्शनचा (दुसऱ्याला स्वतःच्या कमांड घुसवता येण्याचा) प्रश्न होता, सीव्हीई-२०२२-१२९२. मॅनेजरने चॅटवर विचारलं, आपल्याला लागू आहे का? मार्चमधली यादी उघडली, कुठल्या मशीनवर कुठली लायब्ररी, कोणी स्वतःची आत बांधून आणलीय, कुठल्या इमेज, सगळं होतं त्यात. ती स्क्रिप्ट कुठे चालते ते शोधून मी १२ मिनिटांत उत्तर लिहिलं, आणि त्या रात्री वेळेवर झोपले.